घर खचलं नव्हतं, भावजी

भावजी, घर खचत नाहीये, रस्ता वर येतोय, हे तुम्ही मला सांगितलंत ते पुरणपोळ्या खाऊन झाल्यावर. आधी नाही. आधी सांगितलं असतं तर वास्तुशांत झाली नसती, आणि वास्तुशांत नाही तर पुरण नाही. एवढी दूरदृष्टी तुमच्या खात्यात दुसऱ्या कुणाला असेल असं वाटत नाही.

ती गोष्ट तुम्ही दरवर्षी चारचौघांत सांगायचात आणि मी दरवर्षी चिडायची. आता सांगणारं कुणी नाही, तर माझी मीच सांगते.

मी तेव्हा तिशीतली. अंगावर इरकल, डोक्यात हवा. रस्त्याच्या खात्यात ओव्हरसियर असलेला दीर आख्ख्या गल्लीत मलाच होता. सात रस्ता चौकातून रिक्षा केली की रिक्षावाल्याला आधी सांगायची, "आमच्या गल्लीत धक्का बसणार नाही हं, आमच्या भावजींनी केलाय रस्ता." जणू तो मीच पोळपाटावर लाटून दिला होता. गणपती जवळ आले की तुमच्या मागं लागायची, "भावजी, रस्ता पांढरट दिसतोय, जरा काळं काहीतरी टाका की." आणि तुम्ही टाकायचात. होता त्याच्यावरच आणखी एक थर. संध्याकाळी मी नव्या चपला घालून त्या गरम डांबराच्या कडेनं चक्कर मारायची. शेजारणींनी बघावं म्हणून. चपलांचे तळ चिकटले तरी तोंडावर तोच तोरा.

मग एक दिवस लक्षात आलं की दारापुढची खालची पायरी दिसत नाही. दोन-चार वर्षांत दुसरीही गेली. कुणीतरी म्हणालं, काळी माती आहे, घर गिळतीय. झालं. माझं शिक्षण मॅट्रिक, पण अक्कल त्या दिवशी कुठं गावाला गेली होती कोण जाणे. तुमच्या थोरल्या भावाला मी झोपू दिलं नाही. गुरुजी बोलावले, होम केला, वास्तुपुरुषाची प्रतिमा आग्नेय कोपऱ्यात पुन्हा नव्यानं पुरली, आणि त्याला हात जोडून म्हटलं, "बाबा, आता इथंच थांब, खाली जाऊ नको."

तुम्ही पंगतीला सगळ्यात पुढं. हात धुताना म्हणालात, "वहिनी, पोळी झकास. पण घर आहे तिथंच आहे की. रस्ता वर आलाय. मीच आणलाय."

तुमची सुमन तेव्हा नवी नवरी, आणि ती पदरात तोंड घालून इतकी हसली की तिला ठसका लागला. तुमचे भाऊ म्हणाले, "मग आता रस्त्याची शांत करूया का?" मी आठवडाभर तुमच्याशी बोलले नाही. तुम्ही मात्र माझ्या हातचंच जेवत होतात.

भावजी, तेव्हा मला राग आला होता, भीती नाही. भीती फार उशिरा आली. रस्ता वर येतोय याचा अर्थ पाणी वर येतंय, हे मला कळायला म्हातारपण लागलं. तुम्हाला ते आधीच कळलं असणार. पण नोकरीत होतात तोवर तुम्ही ते बोलला नाहीत. निवृत्त झालात आणि मग बोलायचं थांबलाच नाहीत.

तुमचं ते बदलणं मला आठवतं. तुळजापूरच्या बाजूला लहानपणी तुम्ही ज्या टेकडीवर सीताफळं काढायला जायचात, ती बघायला गेलात आणि टेकडीच नव्हती. खडी होऊन गेली होती. घरी आलात, पाणीसुद्धा प्यायला नाहीत. म्हणालात, "वहिनी, एकेक थर म्हणजे डोंगराचा एकेक घास. मी किती भरवले काय माहीत." मी ज्वारी निवडत होते. मला वाटलं ऊन डोक्यात चढलं असेल. सोलापूरच्या उन्हात कुणालाही काहीही वाटू शकतं. मी तुम्हाला ताक दिलं.

पण ते ऊन नव्हतं. त्यानंतर तुमचं एकच टुमणं. आधी जुना थर खरडा, तोच नेऊन तापवा, त्यात थोडं नवीन मिसळा, आणि तोच परत टाका. रस्ता वर यायचा नाही, खडी कमी लागेल, डांबर कमी लागेल. झाडाच्या बुंध्यापर्यंत काँक्रीट नेऊ नका. पाण्याला मुरायला जागा ठेवा. कोपऱ्यावरच्या कडुलिंबाभोवतीचं काँक्रीट तुम्ही स्वतः पहारीनं फोडलंत, तेव्हा पोरं तुम्हाला बघायला जमली होती, आणि मी तुम्हाला "वय काय, चाललंय काय" म्हणून दारातून ओरडत होते.

आपला वाद मात्र खरडण्यावरून. मी म्हणायची, "जुनं डांबर म्हणजे शिळं. शिळं कोण वाढतं लोकांना?"

"काल सकाळी फोडणीची भाकरी कुणी केली होती?"

"ती वेगळी."

"काय वेगळी? रात्रीची कडक भाकरी, कुस्करली, तेल घातलं, पाण्याचा हबका मारला, झाकण ठेवलं. मऊ झाली का नाही? डांबर वाळून कडक होतं, त्यातलं तेल उडून जातं. त्याला तेल परत द्यायचं. स्वैपाकच आहे वो वहिनी."

स्वैपाक म्हणालात तो शब्द मला महागात पडला. दुसऱ्याच दिवशी मी देवळातून आले तर परसात धूर. तुम्ही कुठून तरी उकरलेल्या डांबराचे तुकडे आणले होते आणि तीन दगडांच्या चुलीवर ते तापवत होतात. कशात? माझ्या लोखंडी कढईत! उलथनं माझं. वर गॅरेजमधलं काळं तेल, तेही माझ्या पळीनं. मी बोंब मारली. तुम्ही शांतपणे म्हणालात, "मऊ झालंय, बघा." आणि खरंच झालं होतं. त्यानं तुम्ही गल्लीच्या तोंडावरचा खड्डा भरलात. ती कढई मी भंगारात दिली. खड्डा पुन्हा उघडला नाही. हे मी तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही. जाता-येता त्याच्यावर पाय देऊन बघायची, एवढंच.

पण माझ्या एका प्रश्नाला तुम्ही सरळ उत्तर दिलं नाहीत. मी विचारलं होतं, "एवढं सोपं आहे तर सगळे का करत नाहीत?" तुम्ही सुपारी कातरायला घेतलीत. मग म्हणालात, "नवा थर टाकला की दिसतो. खरडलेलं कुणाला दिसत नाही." आणि विषय बदललात. मला त्याच्या पुढचं ऐकायचं होतं. वाटलं, बोलू कधीतरी, दोघंही घरातच आहोत.

मग गेल्या वर्षीचा तो पाऊस. तुम्ही होतात म्हणून मी उभी राहिले, हे आज सांगते. दुपारची वेळ. सुमन खुब्याचं हाड मोडून पुढच्या खोलीत कॉटवर. आधी उंबऱ्याखालून एक ओली रेघ आली, मी फडकं टाकलं. फडकं तरंगायला लागलं. मग पाणी उंबऱ्यावरून आलं, गटाराचं, काळं, त्यात चपला, पानं, कुणाचा तरी प्लास्टिकचा डबा. रस्ता वर आणि आम्ही खाली, त्यामुळं ते येतच राहिलं. कूलरचं बटण भिंतीला किती खाली आहे हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. सुमन म्हणत होती, "अक्का, मला उचला, मला उचला," तुमचे भाऊ आधीच गेलेले, आणि आपल्या दोघांत मिळून तिला उचलायचं बळ नव्हतं.

तुम्ही खुर्चीवर चढून मेन स्विच पाडलात. मग गुडघाभर पाण्यात उभं राहून म्हणालात, "माझंच पाणी आलंय वहिनी. पाहुणा आहे. घ्या घरात." मी हसले. पण तुम्ही खुर्चीची पाठ काही सोडली नाहीत.

पाणी ओसरलं. सुमनचं अंथरूण कोरडं राहिलं, कसंबसं. पण तेव्हापासून माझ्या मनात ती ओली रेघ बसलीय. कुणी अंगणात बादली उपडी केली तरी मी आधी उंबरा बघते.

तुम्ही कसे गेलात ते इथं लिहीत नाही. त्याबद्दल बोलायला माणसं खूप येऊन गेली, सगळी तेच बोलली. मला लिहायचंय ते तेराव्यानंतरचं, कारण ते तुम्हाला ठाऊक नाही.

तुमचा बिराजदार आला. तुमच्या हाताखाली शिकलेला पोरगा, आता साहेब झालाय, पोट सुटलंय. तुमच्या फोटोपुढं बसून खरंच रडला. मग डोळे पुसून म्हणाला, "काकू, सरांच्या स्मरणार्थ आपल्या गल्लीचा रस्ता मंजूर करून घेतलाय. पावसाच्या आधी करतो. चांगला जाड थर. कोपऱ्यावर सरांच्या नावाचा फलक."

खोलीत बसलेली माणसं "वा वा" म्हणाली. शेजारच्या नरसक्कानं हात जोडले. आणि भावजी, मी उंबऱ्याकडं बघितलं. मग आतल्या खोलीकडं, तिथं कॉटवर सुमन पडलेली.

"आधी खरडणार ना रे?" मी विचारलं.

"काकू, खरडायचं मशीन टेंभुर्णीकडं हायवेच्या कामात अडकलंय. ते येईतोवर पाऊस येईल. आता वरूनच घेतो. सरांनी आम्हाला तसंच शिकवलंय."

"मग फलक लाकडाचा कर. तरंगणारा."

त्याला कळलं नाही. लोक हसले, त्याला वाटलं म्हातारी थट्टा करतीय. थट्टा करतच होते. मला भीती वाटली की मी थट्टा करते, हे तुम्ही एकट्यानं ओळखलं होतं. मग मी म्हटलं, "बिराजदार, माझ्या दिराच्या नावानं माझ्या जावेला बुडवू नकोस."

सुमननं आतून हाक मारली, "अक्का, काय झालं?" बिराजदार उठून दारात गेला. बाहेरून आत बघितलं, मग आतून बाहेर. एक पाय रस्त्यावर, एक पाय घरात ठेवून उभा राहिला तर त्याचा आतला गुडघा सरळ आणि बाहेरचा वाकलेला.

"सर नंतर बदलले होते," मी म्हटलं. "तुझी तेवढ्यात बदली झाली."

त्यानं मशीन आणलं. कुणाशी भांडून, कुणाच्या पाया पडून, मला सांगितलं नाही. पण ते आलं तेव्हा मला वाटलं, मी हे काय मागून बसले. एवढं मोठं धूड, गल्ली भरून. आवाजानं भांडी मांडणीत नाचली. सुमननं कानात बोटं घातली. धुळीनं नरसक्काच्या घरातला माग बंद ठेवावा लागला, अर्धा विणलेला टॉवेल त्याच्यावर तसाच. मी दारात बसून बघत होते. थरावर थर निघत होते. तुमच्या सगळ्या वर्षांचं काम उलटं निघत होतं, नवं आधी, जुनं शेवटी. मी नव्या चपला घालून मिरवलेला थरही त्यात कुठंतरी असणार. तो दिसला असता तर त्याला दोन शब्द सुनावले असते.

आणि मग आमच्या पायऱ्या वर आल्या, भावजी. खालची तुटलेली, चेपलेली, पण आली. मी हात लावला. वास्तुपुरुषाला उगाच दोष दिला होता.

पण नंतर काय झालं ते ऐका. खरडलेलं सगळं ट्रकमध्ये भरलं आणि घेऊन गेले. बिराजदार म्हणाला, "प्लांटवर नेतो, तापवून, मिसळून परत आणतो." आमचा रस्ता घेऊन गेले आणि तो परत आणतील म्हणाले! गल्ली उघडी पडली. खाली नुसती खडी आणि माती, मध्ये चेंबरची झाकणं उंचवट्यासारखी उभी. दुसऱ्या दिवशी ट्रक आला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. प्लांट बंद आहे म्हणाले. अक्कलकोटच्या बाजूनं दुपारी ढग येतात आणि संध्याकाळी कुठं जातात कळत नाही.

गल्ली माझ्यावर चिडलीय. तोंडावर कुणी बोलत नाही, तुमचं नुकतंच झालंय म्हणून. एकटी नरसक्का बोलली. "आज्जी, चांगला थर टाकत होते ना वो? फुकट मिळत होतं. आता काय, चिखलात बसायचं?" मी काय सांगू? तुम्ही म्हणाला होतात म्हणून सांगू? तुम्ही तर भिंतीवर हार घालून बसलात. मी ज्या शब्दावर गल्लीचा रस्ता उकरून ठेवला तो शब्द तुमचा, आणि विचारायला तुम्ही नाही. उघड्या रस्त्यावर पाऊस आला तर पाणी कुठं जाईल? सुमनला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर ॲम्ब्युलन्स कुठवर येईल? मी दिवसातून दहादा कोपऱ्यावर जाते आणि ट्रकच्या वाटेकडं बघते. आधी माहेरच्या गाडीची वाट बघायची, तशी. एवढी वाट मी तुमच्या भावाचीसुद्धा बघितली नव्हती.

आज सकाळी नळाला पाणी आलं. इथं रोज येत नाही, आलं की सगळी गल्ली उठते, पिंप, हंडे, बादल्या. मला एक सुचलं. मी आमचं पिंप भरू दिलं, वाहू दिलं, आणि नळी उचलून गल्लीच्या वरच्या टोकाला सोडली. बायका म्हणाल्या, म्हातारीला वेड लागलं, प्यायचं पाणी रस्त्यावर सोडतीय. मला बघायचं होतं ते जातं कुठं.

पाणी आलं, खडीतून, चेंबरला वळसा घालून. आमच्या दाराशी आलं. सुमनची कॉट आता दाराशीच सरकवलीय, तिनंही मान वर करून बघितलं. पाणी आमच्या खालच्या पायरीला लागलं आणि वळलं. वळून पुढं गेलं. भावजी, मी लहान पोरीसारखी टाळी वाजवली. सुमन म्हणाली, "अक्का, ह्यांचं खरं होतं." आणि रडायला लागली. तुम्ही गेल्यापासून ती पहिल्यांदा मोठ्यानं रडली.

पाणी मात्र थांबलं नाही. ते पुढं जाऊन नरसक्काच्या दाराशी थांबलं. तिथं तळं साचलं, छोटंसं. तिच्या उंबऱ्याला लागून. आत माग आहे. मागाची मोटर जमिनीवर आहे, तुम्हाला माहीत आहे, तुम्हीच तिला ती विटांवर ठेवायला सांगितलं होतं. तिनं ठेवली नाही.

नरसक्का झाडू घेऊन उभी होती. तिनं पाण्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. तिला वाटलं असेल नळीचं पाणी आहे, जिरेल.

खरं सांगते, मी नळ बंद केला आणि घरात आले. दाराला कडी लावली. आमचा उंबरा कोरडा. ट्रक आला की डांबर पडेल आणि आमचं भलं होईल. सुमन सुखात झोपेल. असं मनात आलं, आणि ते आल्याचं मला वाईटही वाटलं नाही. भीती माणसाला असं करते. मग मला नरसक्काच्या उंबऱ्याखालून आत जाणारी ओली रेघ दिसली. दिसली म्हणजे डोळ्यांना नाही, माझ्या डोळ्यांना आता तेवढं लांबचं दिसत नाही. पण दिसली.

मी कडी काढली. नरसक्काच्या दारात गेले. म्हटलं, "नरसक्का, तुझ्या दाराशी खोल पडलंय. मोटर विटांवर घे, आजच घे. आणि मी साहेबाला सांगते."

"काय सांगता वो? ट्रक आणा म्हणून सांगा."

"ट्रक नको म्हणून सांगते."

तिला वाटलं खरंच वेड लागलंय. मी बिराजदारला फोन लावला. तो म्हणाला, "काकू, खुशखबर! प्लांट सुरू झाला, उद्या सकाळी ट्रक येतो."

"उद्या आणू नकोस," मी म्हटलं. "उतार चुकलाय. पाणी नरसक्काच्या घरात जातंय. आधी लेव्हल परत घे, मग टाक."

"काकू, लेव्हल परत घ्यायची म्हणजे आणखी चार-पाच दिवस. गल्ली उघडी राहणार. तुमचीसुद्धा. आणि मधे पाऊस आला तर? मग काय करायचं?"

मी नरसक्काच्याच दारात उभी होते. समोर ढग होते, काळे, अजून लांब.

"थांब रे," मी म्हटलं, "भावजींना विचारून सांगते."

मी उंबऱ्याशी साचलेल्या पाण्यात पाय घालून खोली बघितली. फोन मात्र दोघांपैकी कुणी ठेवला नाही.